न्यायदिनाची वही आणि आमचे रोजचे जिणे

नोव्हेंबर महिना आम्हा कॅथोलिकांसाठी मृतांच्या स्मरणाचा असतो. चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत त्याच सुमारास धानाची कापणी चाललेली असते. दिवसभर बांध्यांत राबलेली माणसे दोन तारखेच्या सायंकाळी हातपाय धुऊन दफनभूमीत जमतात, थडग्यांवर मेणबत्त्या लावतात आणि आपल्या माणसांसाठी प्रार्थना करतात. अशा प्रसंगी न्यायदिनाचा विषय निघणे स्वाभाविकच आहे. तो निघू नये असे आम्हांला मुळीच वाटत नाही. तो कोणत्या शब्दांत निघतो, कोणत्या चित्राच्या आधाराने निघतो आणि ऐकणाऱ्याच्या दुसऱ्या दिवसाच्या वागण्यावर त्याचा कोणता ठसा राहतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

लेखाला निमित्त झाले ते एका अंत्यविधीचे. काही वर्षांपूर्वी कोळसाखाणींच्या पट्ट्यातील एका धर्मग्रामात आम्ही त्या विधीला हजर होतो. मृत गृहस्थ खाणीत काम करणारे. दारूने शरीर पोखरले, दोन वर्षे अंथरुणाला खिळून राहिले आणि पन्नाशीच्या आतच गेले. प्रवचनात असे सांगण्यात आले की, देवाच्या घरी एक वही आहे, तीत प्रत्येक घोटाची नोंद आहे, आणि झाडा देण्याची वेळ आली म्हणजे त्यातली एक ओळही कोणाला खोडता येत नाही. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. समोर बसलेल्या तरुणांना सावध करावे, एवढेच त्यांच्या मनात असावे. परंतु पहिल्या बाकावर मृताची पत्नी बसली होती. पुढे कित्येक महिने ती मिस्सेला आली नाही. शेजारणीने कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, "वही तं भरलीच हाये, बाई. आता मी येऊन काय पुसू?"

हे वाक्य आम्हांला विसरता आलेले नाही. ख्रिस्तसभा ज्या सत्याला आपल्या विश्वासांगीकारात दर रविवारी उच्चारते, ते सत्य एका श्रद्धावान स्त्रीच्या कानांवर पडले आणि तिचे पाऊल मंदिराच्या पायरीवरून मागे फिरले. सत्यात दोष असणे शक्य नाही. तेव्हा दोष चित्रात असला पाहिजे. चित्रांची पारख करणे हे टीकेचे काम आहे, आणि म्हणूनच हा विषय या त्रैमासिकाच्या पानांवर मांडणे आम्हांला योग्य वाटते.

ही वही आली कोठून? तिचे एक उगमस्थान उघड आहे. मराठी मनाला चित्रगुप्ताची चोपडी शेकडो वर्षांपासून परिचित आहे. पापपुण्याचा जमाखर्च, घडा भरणे, झाडा देणे हे शब्दप्रयोग आमच्या बोलण्यात इतके मुरले आहेत की, ते वापरताना आपण कोणते चित्र उभे करतो याचे भानही राहत नाही. या चित्राला आम्ही कमी लेखत नाही. माणसाने केलेले कर्म वाऱ्यावर विरून जात नाही, त्याला कोठेतरी उत्तर द्यावे लागते, ही जाणीव त्यात आहे आणि ती मोलाची आहे. परंतु चित्रगुप्त हा कारकून आहे. तो लिहितो, तो कोणावर प्रेम करीत नाही आणि कोणासाठी झुरतही नाही. आमच्या भक्तिपर पुस्तिकांनी व प्रवचनांनी नावे बदलली, पण पुष्कळदा कारकून तसाच ठेवला. न्यायासनावर ख्रिस्ताचे नाव लिहिले आणि त्याच्या हाती मात्र तीच चोपडी दिली.

दुसरे उगमस्थान कचेरी हे होय. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, पुरावा, निकाल ही सारी सामग्री गेल्या दीड-दोनशे वर्षांत आमच्या धार्मिक भाषेत आली. शहरातल्या सुशिक्षिताला ती कदाचित खटकत नसेल. परंतु चांद्याच्या जंगलात राहणाऱ्याला कचेरी ही कशी दिसत आली? १९२७ च्या वन कायद्याने ज्या जंगलात त्याचे वाडवडील राहिले तेथेच तो चोर ठरला. सरपणाची मोळी, बांबूची काठी, पाळीव जनावरांची चराई या रोजच्या गोष्टींसाठी त्याला नाक्यावर हात जोडावे लागले. जप्ती आणि पंचनामा हे शब्द त्याला शाळेतल्या धड्यांच्या आधी कळले. २००६ साली संसदेने जो वनहक्क कायदा केला, त्याच्या प्रास्ताविकातच या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आहे. त्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. गावाला स्वतःच्या बांबूवर स्वतःचा शिक्का मारता यावा, यासाठी एवढा काळ जावा लागला! ज्या माणसाने न्यायाची कचेरी अशी पाहिली, त्याच्यापुढे देवाची कचेरी उभी केली तर तो काय समजेल? त्याला नाकाच दिसणार.

याच जंगलात आणखी एक न्यायालय भरत आले आहे. १९८० नंतरच्या दशकांत नक्षलवाद्यांनी 'जनअदालत' नावाचा प्रकार गडचिरोलीच्या गावांत आणला. खबऱ्या असल्याच्या संशयावरून कित्येकांना त्या अदालतीत मृत्यूची शिक्षा झाली. आणि संशयाची दुसरी बंदूक सरकारी गणवेशात होतीच. आज त्या हिंसेचा जोर पुष्कळ ओसरला आहे. पण ज्या घरातील माणूस असा गेला, त्या घरात 'न्याय' या शब्दाला कोणता वास येत असेल, याचा विचार लेखणी हाती धरणाऱ्याने केलाच पाहिजे.

आता आमच्या वाङ्मयाकडे वळू. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात वहीशिवाय दुसरे चित्र नाहीच काय? आमच्या मते आहे, आणि ते फार जुने आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली प्रथम छापले गेले. इंग्लंडात जन्मलेला हा येशूसंघीय साष्टीच्या लोकांसाठी ओवी छंदात जवळजवळ अकरा हजार ओव्या लिहितो, 'पैले' आणि 'दुसरे' अशी दोन पुराणे रचतो, आणि जगाच्या उत्पत्तीपासून आरंभ करून तारणाऱ्याच्या चरित्रापर्यंत श्रोत्यांना घेऊन जातो. या क्रमाला आम्ही फार महत्त्व देतो. पुराण सलग ऐकले जाते. बेथलेहेमच्या गोठ्यातील बाळ, रोग्यांना शिवणारा गुरू आणि क्रूसावर खिळलेला निरपराध या साऱ्यांशी श्रोत्याचा आधी परिचय होतो. न्यायाधीश म्हणून जो येणार आहे, त्याचा चेहरा श्रोत्याला अनोळखी उरत नाही. वही दाखवणारे प्रवचन नेमके हेच विसरते. ते चरित्र वगळून एकदम निकालावर येते. कथा काढून घेतली की न्यायाधीश परका होतो आणि परक्याचे भय वाटतेच.

एकोणिसाव्या शतकात बाबा पदमनजी यांनी १८५७ साली 'यमुनापर्यटन' लिहिले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो. कलाकृती म्हणून तिच्यात उणिवा आहेत हे मान्य केले पाहिजे. पात्रे पुष्कळ वेळा माणसासारखी न बोलता पत्रकासारखी बोलतात आणि उपदेश कथेच्या पुढे धावतो. तरीही तिची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. यमुना आणि विनायक गावोगाव फिरतात, आणि जेथे जातात तेथे विधवांची दुःखे त्यांच्यापुढे येतात. पुढे तेच दुःख यमुनेच्याही वाट्याला येते. लेखक आकाशातले न्यायासन वर्णीत बसत नाही. तो वाचकाला घरोघर नेतो आणि माजघरातल्या काळोखात बसलेल्या त्या मुलीला दाखवतो. या मुलीचे तू काय केलेस, हा प्रश्न पुस्तक मिटल्यावरही वाचकाच्या मनात राहतो. न्यायदिनाचा प्रश्न याहून निराळा कोणता असणार?

रेव्हरंड नारायण वामन टिळक आमच्या पंथाचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणूस त्यांना परके मानू शकत नाही. विदर्भाशी त्यांचे नाते जुने. नागपूरला त्यांचे वास्तव्य होते आणि राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत भेटलेल्या एका सहप्रवाशाकडून ख्रिस्ताचा नवा करार त्यांच्या हाती आला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी मिशनची नोकरी सोडून जो मेळा उभा करण्याचे मनात धरले त्याला त्यांनी 'देवाचा दरबार' हे नाव दिले. दरबार हा शब्द आम्हांला फार बोलका वाटतो. दरबारात न्याय होतो हे खरे. पण दरबारात माणसे राजाच्या सहवासासाठीही जमतात, गाऱ्हाणे घेऊन येतात, मानाची जागा पावतात. टिळकांच्या त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसावेत अशी कल्पना होती. कचेरी आणि दरबार या दोन शब्दांत जे अंतर आहे, ते भय आणि आदर यांतले अंतर आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त (१९३४ ते १९३६) न्यायदिनावर प्रवचन शोधू गेल्यास हाती काही लागणार नाही. तेथे निवड आहे. सोवळेओवळे जन्मभर पाळलेली एक स्त्री विचार करकरून या निर्णयाला येते की, जात देवाने केलेली नाही. आणि त्यानंतर ती कोणाच्याही हातचे पाणी पिते. हीच स्त्री प्लेगच्या दिवसांत रोग्यांच्या शुश्रूषेला उभी राहते. आपण काही मोठे केले असा सूर तिच्या लेखणीला कोठेही लागत नाही. उलट स्वतःच्या फजितीवर ती हसते. आमच्या मते देवाच्या न्यायावरील विश्वास रोजच्या जिण्यात कसा उतरतो याचा मराठीतील उत्तम दाखला हाच आहे. तो पाण्याच्या तांब्यात दिसतो.

परंतु येथे वाचकांपैकी कोणी एक रास्त हरकत घेतील. वही पवित्र शास्त्रातच नाही काय? प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात पुस्तके उघडली जातात. प्रभू स्वतः म्हणतो की, माणसाला व्यर्थ बोललेल्या शब्दाचाही जाब द्यावा लागेल. मग चित्रगुप्ताला दोष का द्यावा?

हरकत खरी आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. मात्र शास्त्र वाचायचे ते पूर्ण वाचावे. प्रकटीकरणाच्या त्याच दृश्यात आणखी एक पुस्तक आहे, ते जीवनाचे. आणि ते कोकराचे आहे असे तोच ग्रंथ अन्यत्र सांगतो. संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाचे उदाहरण अधिकच बोधक आहे. तेथे धनी परत येऊन चाकरांकडून हिशेब घेतो असा दाखला आहे. म्हणजे हिशेब आहेच. परंतु त्यात दोषी कोण ठरतो? ज्याने आपला धनी कठोर आहे असे मनाशी धरले, आणि त्या भीतीने मिळालेले धन जमिनीत पुरले, तो! वहीचे भय ज्याने सर्वांहून अधिक बाळगले, त्याच्याच हातून काही घडले नाही. भयाने माणूस चुका टाळतो, पण त्याबरोबर तो हातही आखडतो. आमच्या धर्मग्रामांत याची उदाहरणे थोडी नाहीत. रविवार चुकवीत नाहीत, उपवास मोडत नाहीत, पण शेजारच्या घरात काय जळते आहे हे ज्यांना ठाऊक नसते, अशी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. खरे सांगायचे तर आम्हीही पुष्कळदा त्यांच्यात मोडतो.

त्याच अध्यायाच्या शेवटी न्यायाचे महादृश्य येते. तेथे मेंढपाळ आहे आणि संध्याकाळी मेंढरे व शेरडे निराळी करण्याचे त्याचे रोजचे काम आहे. ज्याने गुरे राखली आहेत त्याला हे चित्र समजावून द्यावे लागत नाही. कसोटी म्हणून जे विचारले जाते ते सारे घरगुती आहे: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट. दोन्ही बाजूंचे लोक चकित होतात, हा या दृश्याचा सर्वांत मोठा विशेष. ज्यांनी केले त्यांना आपण राजासाठी काही केले याची कल्पनाच नव्हती. ज्यांनी केले नाही त्यांनाही आपण राजाला नाकारले याची कल्पना नव्हती. वही ठेवणाऱ्या माणसाला असे आश्चर्य वाटणे अशक्य आहे. त्याला आपली जमा तोंडपाठ असते.

हे दृश्य चांदा-गडचिरोलीच्या भूमीवर ठेवून पाहावे, म्हणजे ते किती जवळचे आहे याचा प्रत्यय येतो. येथील धर्मप्रांताचा इतिहास अवघ्या काही दशकांचा आहे. १९६२ साली ही भूमी कार्मेल-मरिया-निष्कलंका संघाच्या धर्मगुरूंकडे सोपवण्यात आली, १९६८ मध्ये तिला स्वतंत्र दर्जा मिळाला आणि १९७७ मध्ये सिरो-मलबार परंपरेचा चांदा धर्मप्रांत स्थापन झाला. बल्लारपूर हे त्याचे केंद्र. केरळातून आलेल्या धर्मगुरूंनी व धर्मभगिनींनी येथे मराठी शिकून उपासना चालवली. त्यांच्या उपासनावर्षात एलिया-स्लीवा-मोशे नावाचा एक काळ येतो. त्यात प्रभूच्या पुनरागमनाचे आणि न्यायाचे चिंतन असते, आणि त्याच काळात १४ सप्टेंबरचा क्रूसाच्या गौरवाचा सण येतो. न्यायाधीशाचे चिन्ह क्रूस आहे हे या परंपरेने उपासनेतच गुंफून ठेवले आहे. आमच्या मराठी प्रवचनांनी या ठेव्याचा लाभ अद्याप पुरेसा घेतलेला नाही, असे आम्हांला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटेपासून पाने तोडून, बसून पुडकी बांधून, माणसे सायंकाळी फळीवर येतात. फळीवर मोजणी करणारा मुन्शी एखादा शिकलेला तरुण असतो. तो आपल्या धर्मग्रामाचाही असू शकतो. पुडके लहान आहे म्हणून बाजूला टाकायचे की मोजायचे, हे त्या क्षणी त्याच्या हाती असते. ज्या बाईची पुडकी तो बाजूला टाकील, तिला तक्रार करण्यासाठी जागा नाही. न्यायदिन म्हणजे दूरच्या भविष्यातील एखादी तारीख, असे जो समजतो त्याला ही सायंकाळ साधी वाटेल. मत्तयचा अध्याय ज्याने ऐकला आहे, त्याला समोर उभे असलेले कोण आहे याची शंका तरी यावी.

दारूचा प्रश्न तर घरोघरचा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात स्त्रियांनी त्यासाठी दीर्घ लढा दिला. २०१० च्या डिसेंबरात त्या चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे पायी गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठवण्यात आली. कायदा यावा की जावा यावर दोन मते असू शकतात. आमचा मुद्दा निराळा आहे. कायदा आला तेव्हा काहींनी लपून प्यायला आरंभ केला. कायदा गेला तेव्हा काहींनी उघड प्यायला आरंभ केला. दोन्ही वेळा विचार एकाच गोष्टीचा झाला, पोलीस पाहतो की नाही याचा. देवाच्या न्यायावरील विश्वासही केवळ वरच्या पोलिसावरील विश्वास असेल, तर तो याहून अधिक काही करू शकणार नाही. लग्नाच्या मांडवात पेला पुढे करताना, या पेल्याचे मोल कोणत्या घरातील कोणती बाई देणार आहे, हे ज्याच्या डोळ्यांपुढे येते, त्याला न्यायदिन कळला.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात, वणी (खुर्द) येथे, भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भर गावात बांधून मारहाण झाली. मारणारे आणि पाहणारे गावचेच होते. महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ पासून आहे. तरी हे घडले. माणूस स्वतः न्यायासनावर जाऊन बसतो तेव्हा काय होते, याचे हे भीषण दृश्य आहे. न्याय देवाचा आहे असे मानण्याचा एक रोजचा अर्थ असा की, तो माझा नाही. चहाड्या करताना, कोणाच्या घरच्या आजाराचे खापर कोणाच्या माथी फोडताना, मृताच्या दोषांची चर्चा करताना हा अर्थ आठवला तरी पुष्कळ काही वाचेल.

आणि याच जिल्ह्यात वरोरा आहे. बाबा आमटे यांना तुळशीराम नावाचा एक कुष्ठरोगी पावसात गटाराजवळ पडलेला दिसला. त्या वेळी ते भयाने पळाले, आणि त्या पळण्याने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही. ते परत गेले. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि पुढे आनंदवन उभे राहिले. बाबा आमच्या धर्मसभेचे सभासद नव्हते. परंतु या प्रसंगात न्यायाची सारी लक्षणे आहेत. एक माणूस रस्त्यावर पडलेला आहे, दुसरा त्याला पाहतो, आणि त्या क्षणी पाहणाराच तोलला जातो. त्यांच्या हातून आधी चूक झाली, हे आम्हांला विशेष धीर देणारे वाटते. परत जाण्याची सवड होती आणि ती त्यांनी घेतली. ख्रिस्तसभेने प्रायश्चित्ताचा संस्कार दिला आहे तो याच सवडीसाठी.

आता वहीविषयी आमच्याच मताला थोडी दुरुस्ती करणे प्राप्त आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८० च्या दशकात 'सर्च' संस्था स्थापून जे काम केले, त्याचा पाया नोंदवही हाच होता. गावात जन्मलेले आणि काही दिवसांत गेलेले मूल पूर्वी कोणाच्याच हिशेबात नसे. त्यांनी गावोगाव प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून ठेवला, गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघर नवजात बालकांची काळजी घेतली, आणि त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे आले. ही देखील वहीच आहे! पण ती कारकुनाची नव्हे. ज्यांना कोणी मोजत नव्हते त्यांना मोजणारी ती वही आहे. देवाच्या घरी पुस्तके उघडली जातील असे शास्त्र म्हणते तेव्हा ती अशीच असतील, असे मानावयास आम्हांला धीर होतो. त्यांत फळीवर न मोजलेली पुडकी असतील, जनअदालतीत गेलेल्याचे नाव असेल, नाक्यावर जप्त झालेली मोळी असेल, पाचव्या दिवशी गेलेले मूल असेल.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या आपल्या आशेवरील विश्वपत्रात अंतिम न्यायाला आशा शिकण्याचे एक स्थान मानले आहे. इतिहासातील अन्याय हाच शेवटचा शब्द ठरू नये, ही माणसाची मागणी त्यांना चिरंतन जीवनाच्या श्रद्धेचा फार प्रबळ आधार वाटते. हा विचार आमच्या प्रवचनांत क्वचितच येतो. न्यायाची वार्ता आपण नेहमी पाप्याच्या कानांनी ऐकतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या कानांनी ती ऐकून पाहत नाही. त्याच्यासाठी ती सुवार्ता आहे. आणि आपण प्रत्येक जण कोठे अन्याय करणारे तर कोठे अन्याय सोसणारे असल्याने, दोन्ही कानांनी ऐकणे भाग आहे. म्हणून भय सर्वस्वी टाकून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने स्पष्ट केले आहे की, प्रत्येकाने केलेले आणि करावयाचे राहिलेले चांगले काम त्याच्या दूरवरच्या परिणामांसह त्या दिवशी उघड होईल. राहिलेल्या कामाचे भय वाटलेच पाहिजे. मात्र ते भय पाय मंदिरापासून मागे नेणारे नसावे. शेजाऱ्याच्या दाराकडे पुढे नेणारे असावे.

आमच्या लेखकांकडून, कवींकडून आणि प्रवचनकारांकडून आमची मागणी थोडीच आहे. न्यायदिनाचे चित्र काढताना न्यायाधीशाच्या हातांवरील खिळ्यांचे व्रण पुसू नयेत. चरित्र सांगितल्यावाचून निकाल सांगू नये. चित्र कचेरीतून उचलण्यापूर्वी ऐकणाऱ्याने कचेरी कशी पाहिली आहे ते विचारावे. आणि अंत्यविधीच्या प्रसंगी पहिल्या बाकावर कोण बसले आहे, हे व्यासपीठावर जाण्याआधी एकदा पाहून घ्यावे.

त्या दिवशी पहिल्या बाकावर जी बसली होती, तिने दोन वर्षे नवऱ्याला अंथरुणावर न्हाऊ घातले होते. त्याच्या ओठांना पाणी लावले होते, त्याच्या शिव्या ऐकल्या होत्या, आणि मजुरीला जाण्याआधी त्याच्या उशाशी पेज झाकून ठेवली होती. सारे गाव हे जाणत होते. प्रवचनात मात्र त्याचा शब्दही आला नाही. मत्तयच्या त्या अध्यायाप्रमाणे, आजारी पडलेल्या प्रभूचीच तिने शुश्रूषा केली होती, आणि अध्यायात सांगितले आहे त्याप्रमाणेच तिला त्याची कल्पना नव्हती. तेवढे तिला कोणी सांगितले असते, तर वही पुसण्यासाठी आपल्याला जावे लागेल असे तिला वाटले नसते.

ते सांगण्याचे काम अद्याप राहिले आहे. येत्या नोव्हेंबरात दफनभूमीतून परतताना, अशा एखाद्या घरी थोडा वेळ थांबावे, अशी आमच्या वाचकांना विनंती आहे.